विकायचंय ना? मग झाकून देतो!

घर विकायचं ठरलं की डोंबिवलीकर आधी एजंटला विचारतो आणि मग कॉन्ट्रॅक्टरला बोलावतो. एजंटचा प्रश्न ठरलेला असतो, "कितीला काढायचं?" कॉन्ट्रॅक्टर भिंतीवर दोन टिचक्या मारतो, छताकडे बघतो आणि त्याहून मोलाचा प्रश्न विचारतो, "काका, राहायचंय की विकायचंय?"

राहायचं असेल तर बाथरूमची लादी उखडायची, कोबा काढायचा, स्लॅबपासून वॉटरप्रूफिंग करायचं, पाणी साठवून चाचणी घ्यायची. विकायचं असेल तर पुट्टी, दोन हात रंग, आणि ओल फारच बोलकी असेल तिथे पीओपीचं छत. भाव वेगळा, साहित्य वेगळं, फक्त कारागीर तोच. काका क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, "विकायचंय रे. उगाच खर्च नको."

हेच काका गेली पंचवीस वर्षं त्याच कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने सोसायटीच्या गेटवर व्याख्यानं देत होते. लादी पोकळ वाजते, ग्राउट दोन महिन्यांत निघालं, प्लंबर गावी गेला तो गेलाच. सगळं खरं. अ‍ॅडव्हान्स घेतल्यावर पहिल्याच दिवशी तोडफोड होते, ती उत्साहापोटी नव्हे. फोडलेल्या घराचा मालक दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे जात नाही, म्हणून. मग तुमच्या हॉलमध्ये राबिटच्या गोण्या पडून राहतात आणि तुमच्या अ‍ॅडव्हान्समधून खडकपाड्याच्या साइटवरच्या सुताराचा हिशेब भागतो. त्या साइटच्या पैशातून कासारवडवलीत रंग लागतो. "उद्या माणूस पाठवतो" हे वाक्य खोटं नसतं. उद्या तो माणूस खरंच पाठवला जातो, फक्त तुमच्याकडे नाही.

पण टाळी एका हाताने वाजत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत चहाच्या बिलावरून अर्धा तास भांडणारा सभासद घरात सहा लाखांचं काम काढताना कागदाचा चिटोरा मागत नाही. दर दारात उभ्याउभ्या ठरतो. किती फूट, कुठल्या कंपनीची लादी, रंगाचे किती हात, कधी संपणार, उशीर झाला तर काय, यातलं काहीही लिहिलं जात नाही, कारण "विश्वासाचं काम आहे." पक्कं बिल मागावं तर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "मग अठरा टक्के वर लागतील." ते ऐकून आपला करदाता लगेच समजूतदार होतो आणि रोख रक्कम मोजतो.

खरं म्हणजे ज्या सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे, त्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. असा छोटा ठेकेदार जीएसटी न लावता सही-तारखेचं साधं बिल देऊ शकतो. पण तेही कुणी मागत नाही. मग काम बिघडतं आणि काका रेराची भाषा करू लागतात. तिथे काही होत नाही. महारेराचा संबंध बिल्डर आणि त्याने विकलेली घरं यांच्याशी; तुमच्या मोरीच्या लादीशी नाही. तिच्यासाठी ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जायचं, पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही, मुदत दोन वर्षांची. तिथे पहिला प्रश्न येतो, "बिल, करार काही आहे?" काका खिशात हात घालतात. खिशात विश्वास असतो.

हाच विश्वास घर विकताना दुसऱ्यांदा नडतो. जुनं घर नफ्यात विकलं की भांडवली नफ्यावर कर आला. घरात कायमची भर घालणारा खर्च त्या नफ्यातून वजा मागता येतो. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी नाही. पण वजा मागायला पुरावा लागतो. आयकर अधिकाऱ्यासमोर बसून "त्याने केलं होतं हो, अगदी छान केलं होतं" असं सांगितल्याने एक रुपयाही वजा होत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कॉन्ट्रॅक्टरच्या कामाची मनापासून स्तुती करावी, तर ऐकणारा आयकर खात्याचा.

तर अशा या कॉन्ट्रॅक्टरला विकायच्या वेळी सन्मानाने परत बोलावलं जातं. का? कारण ज्या चालूपणासाठी त्याला शिव्या घातल्या, तोच चालूपणा आता हवा असतो. काम वरवर कर, लवकर कर, पाच महिने टिकलं तरी पुष्कळ. टोकन मिळेपर्यंत भिंत कोरडी दिसली की झालं. शेवटच्या मजल्यावरच्या हॉलला अचानक फॉल्स सीलिंग येतं, त्यात निळे दिवे लागतात. बेडरूमच्या एकाच भिंतीला वॉलपेपर लागतो आणि बघायला आलेली मंडळी म्हणतात, "काय टेस्ट आहे!" टेस्ट नाही हो, पलीकडे बाथरूम आहे.

आपल्याकडे याला व्यवहारज्ञान म्हणतात. कायदा वेगळं काही म्हणतो, आणि तो कायदा १८८२ सालचा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलम विकणाऱ्याला सांगतं की, जो महत्त्वाचा दोष तुला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊन त्याला दिसणारही नाही, तो तू होऊन सांग. न सांगणं ही फसवणूक धरली जाते. म्हणजे ओलीवर मारलेला इमल्शन नुसता रंग नाही. तुम्हाला दोष माहीत होता, याचा तो दोन हातांचा पुरावा आहे.

इथवर गोष्ट पोपड्यांची होती. आता वजनाची. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या घरात लादीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला. तो खालचे मजले घेऊन खाली आला आणि सहा जण गेले. त्यात एक लहान मुलगी होती. त्यावर तिरकं लिहिण्यासारखं काही नाही. लिहिण्यासारखं आहे ते एवढंच, की त्यानंतरही जुन्या इमारतींत जुन्या लादीवरच नवी लादी चिकटवली जाते, कारण त्यात तोडफोडीचा खर्च वाचतो. किंवा थेट ब्रेकर चालवला जातो, कारण त्यात वेळ वाचतो. अभियंत्याला बोलावलं जात नाही, कारण त्यात काहीच वाचत नाही. गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात की पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करा, तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी. टिळकनगर असो, नौपाडा असो, कोळसेवाडी असो, हा विषय सभेत निघाला की एक सभासद हमखास म्हणतो, "रिपोर्ट खराब आला तर आपले भाव पडतील." इमारत पडली तर भाव कितीला राहतील, हा प्रश्न कार्यसूचीत नसतो.

आणि भिंतीवर दोन लाख घालवणारा माणूस फाइलवर दोन तास घालवत नाही. लादी इटालियन दिसणारी, शेअर सर्टिफिकेट अजून आजोबांच्या नावावर. मॉड्युलर किचन आलं, पण मधल्या मालकाचा करारनामा कुठे आहे ते कुणालाच आठवत नाही. ओसी, म्हणजे भोगवटा दाखला? "सोसायटीकडे असेल." सोसायटी म्हणते, "बिल्डरकडे असेल." बिल्डर कुठे असेल?

या भागात तर कागद दोनदा तपासायला हवेत. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांच्या जोरावर महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथल्या घरांनाही नवा रंग होता, नवी लादी होती, बँकेची कर्जंसुद्धा होती. नव्हती ती फक्त खरी परवानगी. तेव्हापासून घेणारा शहाणा झाला आहे. तो निळ्या दिव्यांखाली उभा राहून पहिल्यांदा फाइल मागतो, आणि मालक त्याला किचनची ट्रॉली उघडून दाखवतो.

शेवटी सोसायटी. आदर्श उपविधींप्रमाणे घर हस्तांतर करायला सोसायटीचा ना हरकत दाखला लागतच नाही. पण बँक मागते, म्हणून आपण मागतो, म्हणून सचिवांना आपलं महत्त्व कळतं. हस्तांतरणाचं प्रीमियम महापालिका क्षेत्रात २५ हजारांच्या वर घेता येत नाही. वरचे पैसे "स्वखुशीची देणगी" म्हणून मागितले जातात, आणि खुशी किती असावी ते कमिटी आधीच ठरवून ठेवते. हे सचिवही एक दिवस आपलं घर विकतील. तेव्हा त्यांना हा नियम अगदी तोंडपाठ असेल.

मग करावं काय? फार थोडं. ज्याने पाणी येतं ते दुरुस्त करा, ज्याने पाणी दिसतं ते राहू द्या. दराचा, मापाचा, मुदतीचा एक कागद करा, खाली दोघांच्या सह्या. पैसे कामाच्या टप्प्याने द्या, बँकेतून द्या, शेवटचा हप्ता पाण्याच्या चाचणीनंतर. घेणाऱ्याला सांगा, "इथे ओल होती, हे काम केलं, हे बिल." दोन लाखांनी भाव उतरेल म्हणता? ते दोन लाख तसेही पीओपीत लटकणारच होते.

पण हे होणार नाही, कारण काकांना घाई आहे. डोंबिवलीचं घर देऊन त्यांना घोडबंदर रोडला टू बीएचके घ्यायचा आहे. तो त्यांनी पाहिलाही. शेवटचा मजला, नुकताच रंगवलेला, हॉलला फॉल्स सीलिंग, त्यात निळे दिवे. "पावसाचं काही?" काकांनी विचारलं. "छे!" मालक म्हणाला. काकांना तो माणूस फार सज्जन वाटला. स्वतःसारखाच.

बाकीच्यांना एकच सल्ला. रिसेलचं घर बघायचं असेल तर जुलैत जा, संततधारेच्या चौथ्या दिवशी. मालक म्हणाला, "आत्ता नको, दिवाळीनंतर निवांत या," तर त्याच्यावर चिडू नका. घराबद्दल तो तेवढंच एक वाक्य खरं बोलला आहे.