हात लावू नका, अनुभव घ्या

शाळेच्या सहलीच्या पत्रकात छापलेलं असतं : ‘प्रत्यक्ष अनुभवातून स्थानिक इतिहास’. ठिकाण, जुन्नरजवळचा नाणेघाट. गुहेच्या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा ब्राह्मी लेख. यज्ञात दान दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे चक्क आकडे त्यात कोरलेले. खरं तर गणिताच्या बाईंनी इथं मुक्कामच ठोकावा! पण बाई मुलांची डोकी मोजताहेत आणि सर बॅनरमागे रांग लावताहेत. जकातीचा म्हणून दाखवतात त्या दगडी रांजणात एकानं वाकून पाहिलं, तर लगेच शिट्टी. (कुतूहल सहलीच्या शिस्तीत बसत नाही.) गुहेला दहा मिनिटं, वॉटर पार्कला चार तास. सोमवारी निबंध : ‘मी पाहिलेला नाणेघाट’. तो गाइडात छापून तयार आहेच.