घोरतोय, म्हणजे झोपलाय?

रविवारी पहाटे भंडारा डोंगर चढताना आमचे एक शेजारी निम्म्या वाटेतच दगडावर बसले. वय ४४. वर्षभर जिम चालू. बरोबरच्यांनी लगेच निकाल दिला, “पोट कमी करा, आळस झटका.” वहिनी मात्र हळूच म्हणाल्या, “रात्री घोरता घोरता एकदम गप्प होतात हो. मी अंधारात आकडे मोजत बसते. वीसपर्यंत जाते, मग हे दचकून श्वास घेतात.”

सगळं दुखणं त्या एका वाक्यात होतं. ऐकलं कुणीच नाही.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट मिटते आणि श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो. तासाला ३० वेळा असं झालं की आजार तीव्र. म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा! रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकतो, रक्तदाब उसळतो. रात्रभर राबलेल्या त्या हृदयाला आपण सकाळी डोंगर चढायला लावतो. मग दम लवकर लागतो आणि थांबल्यावरही नाडी पटकन खाली येत नाही. याला आळस म्हणणं हा अन्याय आहे. आणि हे फक्त जाड्या माणसांचं दुखणं नव्हे. जबडा लहान असला तर सडपातळ माणसालाही ते गाठतं.

आमच्या तळेगावची हवा चांगली म्हणून लोक इथं घरं घेतात. पण ती घशाखाली उतरायला नको? जिमच्या फॉर्मात वजन, उंची विचारतात. झोप कशी लागते, हे कोण विचारतं?

१५ फेब्रुवारी २०२२ला मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. चार दिवस सगळ्यांच्या तोंडी ते नाव होतं, मग विसरलो. उपाय तर १९८१पासून आहे. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप तेव्हाच शोधलं. चष्मा लावायला लाजत नाही, मग याची कसली लाज? व्यायामही सोडू नये. वजन घटलं नाही, तरी नियमित व्यायामानं श्वास अडणं थोडं कमी होतं. मात्र तपासणी आधी.

वहिनींनी परवा रात्रीचं घोरणं मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, डॉक्टरांना ऐकवायला. काल मलाही ऐकवलं. आधी घरघर, मग एकदम शांतता. ती संपेपर्यंत मीही श्वास रोखून बसलो होतो.