जु. वा. किं. अं.

डॉ. जे. जे. मगदूम कॉलेजामुळे जयसिंगपुरात इंजिनिअरिंगची पोरं मुबलक. त्यातली बरीचशी मशिनपेक्षा खाकीकडे डोळे लावून बसलेली असतात. माझा भाचा त्यांतलाच. शिकतो मेकॅनिकल, डोक्यात फौजदारकी. त्या परीक्षेला कायदाही असतो, म्हणून थर्मोडायनॅमिक्सची वही मागून उघडली की भारतीय न्याय संहिता लागते.

त्याच्या आधीच्या पोरांची मला खरी दया येते. 1860 सालच्या दंड संहितेची 511 कलमं बिचाऱ्यांनी घोकली, आणि 1 जुलै 2024 पासून 358 कलमांची नवी संहिता लागू झाली. खून 302 वरून 103 वर आला, चारशेवीस 318 मध्ये जाऊन बसले. बरं, जुनं विसरायचीही सोय नाही. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात. त्यामुळे भाच्याला खुनाचं कलम विचारलं तर तो आधी खुनाची तारीख विचारतो.

पण पोरगं रमतं ते पंचनाम्यात. मोजमाप, नकाशा, चतुःसीमा, म्हणजे त्याच्या घरचंच काम. शिवाय गावही सोयीचं. शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेलं, पट्टीनं आखलेलं. सरळ रस्ते, नंबरवारी गल्ल्या. ‘पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता’ लिहिताना दिशा शोधाव्या लागत नाहीत. जुन्या गावांच्या बोळांत हेच करायचं म्हटलं, तर पंचच हरवायचे.

गेल्या आठवड्यात बायकोची चप्पल एका देवळाबाहेरून गेली आणि भाच्याला सरावाला आयता गुन्हा मिळाला.

“मामा, पंच हुतासा काय?”

पंच दोन लागतात, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित. मी किती स्वतंत्र आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, तरी मला धरलं. दुसरे म्हणून शेजारच्या अण्णांना हाक मारली. पंचनामा लुटुपुटीचा आहे हे सांगूनही अण्णा आतून म्हणाले, “आंघोळीला बसलोय.” लेखी आदेश असताना विनाकारण पंच व्हायला नकार देणं हाही गुन्हा आहे, असं भाच्यानं दारातून ऐकवलं. आतून पाण्याचा आवाज आला. कारण सबळ होतं.

झडती-जप्तीचं आता चित्रीकरणही करावं लागतं. म्हणून चोरीत झडती नसतानाही त्यानं मोबाईल कुकरला टेकवून ठेवला आणि लिहायला घेतलं: ‘अज्ञात चोरट्याने लबाडीच्या इराद्याने, संमतीवाचून, एक जोड कोल्हापुरी चप्पल, रंग तांबूस, डाव्या अंगठ्यास टाका घातलेला, जु. वा. किं. अं. 300 रुपये...’

“हे जुवा किंवा काय?” बायकोनं विचारलं.

“जुनी वापरती, किंमत अंदाजे.”

पोलीस दप्तरातली ही चार अक्षरं मला फार आवडतात. मोटारसायकल असो की मंगळसूत्र, चोरीला गेल्याबरोबर तिची किंमत उतरते. माझ्या वयाच्या माणसानं आधार कार्डावरही तेवढंच लिहून घ्यावं.

“तीनशे? दिवाळीत बाराशेला घेतलीया!”

“मामी, घसारा धरावा लागतो. तळ किती झिजला हुता, मिलिमीटरमध्ये?”

“झिजतीया कशानं? कुठं बाहीर नेलंय मला तुझ्या मामानं?”

मोबाईल चालू होता. मी प्रतिष्ठित पंचासारखा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

शेवटी तडजोड आठशेवर झाली. भाच्यानं सही घेतली आणि निकालही देऊन टाकला: माल पाच हजारांच्या आतला, चोराला पहिल्यांदाच शिक्षा होत असेल आणि त्यानं चप्पल किंवा तिची किंमत परत केली, तर नव्या संहितेप्रमाणं त्याला तुरुंग नाही, नुसती समाजसेवा.

“म्हंजे काय करायला लावत्यात?”

“कोर्ट सांगंल ते. लोकांच्या उपयोगाचं काम, बिनपगारी.”

बायकोनं क्षणभर विचार केला. “मग लिही त्यात. म्हणावं, म्हैनाभर देवळाबाहीर बसून चपला राख.”