चिटणीसबाईंची वही

श्री. हॉकमन, अध्यक्ष, जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका यांस,
स. न. वि. वि.

१९४२ साली आपण वंडर वुमनला आपल्या सुपरहिरोंच्या सोसायटीत घेतलंत, त्याबद्दल उशिरा का होईना, अभिनंदन. मनगटातल्या कड्यांवर बंदुकीच्या गोळ्या झेलणारी, अदृश्य विमान उडवणारी बाई. तिला आपण चिटणीस केलंत. काय ती पारख! अक्षर चांगलं असणार तिचं.

बाकीच्या सभासदांचा वकूब पाहता दुसरं करणार तरी काय म्हणा. ॲटमकडे तेव्हा कसलीच अद्भुत शक्ती नव्हती. बुटका कॉलेजकुमार, व्यायामाने कमावलेलं अंग, एवढंच भांडवल. जॉनी थंडरची कामं त्याचा जिन उरकायचा, आणि आपण त्याला बोलावलंय हेसुद्धा जॉनीच्या धड लक्षात यायचं नाही. हे दोघे मोहिमेवर. बाई कचेरीत.

कृपया नियमावर बोट ठेवू नका. स्वतःच्या नावाचं कॉमिक निघालं की सभासद मानद होतो, मोहिमेवर जात नाही, ठाऊक आहे. सुपरमॅन आणि बॅटमॅनही मानदच होते. त्यांच्यापुढे इतिवृत्ताची वही कुणी सरकवली नाही. (आमच्या गृहनिर्माण सोसायटीतही ती वही कुणापुढे सरकते, ते विचारू नका.)

वाचकांच्या नावानेही खडे फोडू नका. बाई असूनही तिला सभासद होऊ द्यावं का, असं आपल्याच लोकांनी छापून विचारलं होतं. पहिल्या १८०१ उत्तरांत १२६५ मुलगे आणि ३३३ मुली 'हो' म्हणाल्या. 'नाही' म्हणणारे मुलगे १९७, मुली फक्त ६. 'बाई असूनही' या शब्दांपाशी पोरं अडखळली नाहीत. अडखळले ते पंखवाले अध्यक्ष.

आपल्या गोष्टी गार्डनर फॉक्स लिहायचे, तेव्हा सगळं खापर आपल्या माथी फोडणं बरं नव्हे, हेही कळतं. तिचे जनक विल्यम मार्स्टन यांनी एका अंकातला तिचा भाग स्वतः नव्याने लिहिला, तेव्हा कुठे ती टेबलावरून उठली. मग पुन्हा वही आहेच.

'ऑल-स्टार कॉमिक्स'मधलं आपलं बिऱ्हाड १९५१ साली हललं आणि त्या जागी काउबॉय राहायला आले. चिटणीसबाईंच्या नावाची मालिका १९८६ पर्यंत चालली. तेवढी नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. लिहायला मात्र बाईंना सांगू नये.

कळावे,
एक वाचक