काहून जी, कळा आणल्या म्हणे?

आमच्या मानेवाड्याच्या लेआउटमध्ये बातमी पसरायला व्हॉट्सअ‍ॅप लागत नाही. चार प्लॉटांचे मागचे कोपरे एकाच ठिकाणी मिळतात, कंपाऊंडची भिंत जेमतेम छातीएवढी, आणि उन्हाळ्यात सकाळी कूलरमध्ये पाणी भरायला सगळ्याच जणी मागच्या अंगणात असतात. लेकीला बाळासकट घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी नळाला पाइप लावते न लावते तोच पलीकडून काकू टाचा उंचावून डोकावल्या.

“काहून जी, पोट्टीले कळा आणल्या म्हणे? आपल्या मनानं नाही आल्या?”

“नाही ना काकू. बीपी वाढलं होतं. सदतीस आठवडे भरले अन् डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं.”

“घ्या! अजून तीन हप्ते बाकी होते. आंबा पिकला का आपोआप पडते, त्याले झोडपा कायले लागते? डॉक्टरायलेच आजकाल घाई सुटली आहे.”

काकूंचं हे वाक्य कोपऱ्यावरच्या प्लॉटपर्यंत पोहोचलं. तिथं सिस्टर राहतात. सरकारी मेडिकल कॉलेजच्या लेबर रूममध्ये नोकरी करून रिटायर झाल्या, पण अजून सगळं लेआउट त्यांना सिस्टरच म्हणतं. हातातली बादली खाली ठेवून त्या भिंतीशी आल्या.

“काकू, तुमच्या काटोलच्या वावरातला आंबा पाडाला लागला की तुम्ही उतरवून माचात घालता का नाही? अन् झाडच वाळून राहिलं असलं, तर तो पडायची वाट पाहता?”

“झाड कायले वाळते?”

“तेच तर सांगून राहिली. हे बीपी साधं म्हाताऱ्या माणसाचं बीपी नाही. याचं मूळ वारेत आहे. सुरुवातीच्या महिन्यांत वारेला रक्त पुरवणाऱ्या नसा रुंद व्हायला पाहिजेत, त्या नीट झाल्या नाहीत की वारेला रक्त कमी पडते. मग वारेतून असे काही पदार्थ आईच्या रक्तात उतरतात की साऱ्या अंगातल्या नसा आवळल्या जातात. बीपी वाढते, लघवीतून प्रोटीन जाते, लिव्हर, किडनी, मेंदू, सगळ्यांवर ताण येते. गोळीनं बीपीचा आकडा खाली येते, पण रोग जात नाही. बाळ अन् वार बाहेर आल्याशिवाय हा रोग उतरणीला लागत नाही. सदतीस आठवड्यांचं बाळ बाहेर जगायला तयार असते. मग आत ठेवून कोणाचं भलं?”

काकू जरा नरमल्या, पण हरल्या नाहीत. “लोणचं खाल्लं असन पोट्टीनं. डोहाळजेवणाले मी पाहिलं, निंबाच्या लोणच्याच्या फोडीवर फोड.”

“लोणच्यानं हे होत नाही. अन् मीठ तोडल्यानं हे टळतही नाही. बिचारीले आळणी खाऊ घालू नका म्हणजे झालं.”

तेवढ्यात मागच्या घरच्या वहिनी आल्या. त्यांची भाची दिघोरीला राहते, सातवा महिना चालू आहे. बाळंतपणाचा विषय निघाला की त्यांचे कान लांब होतात.

“ताई, पण कळलं कसं बीपीचं? काही दुखत होतं का तिला?”

“काहीच नाही हो. तपासणीला गेलो तर 150 वर 100. चार तासांनी पुन्हा पाहिलं तरी तेच. लघवी तपासली, त्यात प्रोटीन निघालं. ती तर म्हणे मला काहीच होऊन नाही राहिलं, घरी जाऊ द्या.”

“हाच तर लबाड रोग आहे,” सिस्टर म्हणाल्या. “वीस आठवड्यांनंतर 140 वर 90 झालं की धोक्याची घंटा. 160 वर 110 म्हणजे तिथल्या तिथं औषध सुरू. अन् बाई मात्र हसत बसलेली असते. म्हणून तर दर भेटीला पट्टा बांधतात. तो पट्टा चुकवू नये.”

“पण पाय तर सुजले होते तिचे, मी पाहिले ना,” वहिनी म्हणाल्या. “मला वाटलं उन्हानं. नागपूरच्या उन्हात कोणाचे सुजत नाहीत?”

“पाय सुजले तर सुजले. सकाळी उठल्या उठल्या तोंड सुजलेलं दिसलं, बोटातली अंगठी निघेना, गोळी घेऊनही डोकं ठणकतच राहिलं, डोळ्यांपुढे चमकलं किंवा धूसर दिसलं, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर ते ऊन नाही. कूलरपुढे बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.”

काकूंना मुद्द्याचं हवं होतं. “ते जाऊ द्या. कळा आणल्या कशा, ते सांग. आमच्या वेळी सलाइनीत सुई टाकत. त्या कळा भल्ल्या जोराच्या, बाई पलंगाचा दांडा वाकवे.”

मी सांगितलं. ॲडमिट केल्यावर आधी तपासलं, तर पिशवीचं तोंड घट्ट मिटलेलं. मग एक इवलीशी गोळी, पाण्याबरोबर गिळायची. दर दोन तासांनी ड्युटीवरची सिस्टर येई, बीपी पाही, बाळाचे ठोके ऐके, पोटावर हात ठेवून कळा मोजी आणि मग ठरवी, पुढची गोळी द्यायची की थांबायचं. संध्याकाळपर्यंत नुसतं कंबरेत भरून आल्यासारखं. लेक कंटाळली. जावई पुण्याहून गाडी हाकत आला, तो तिच्याहून जास्त घामाघूम. रात्री कळा लागल्या त्या मात्र खऱ्या. पहाटे मुलगी झाली.

“नॉर्मल?” वहिनींनी विचारलं.

“नॉर्मल.”

“माझ्या जावेला तर फुगा टाकला होता बाई. खालून नळी घालून.”

सिस्टरांनी कंबरेवर हात ठेवले. लेबर रूममधल्या बायकांना त्या असंच उभं राहून दरडावत असाव्यात.

“गोळी की फुगा, हे भांडण कुठं सुटलं माहीत आहे तुम्हाला? इथं. आपल्या मेडिकलात अन् गांधीबागेतल्या डागा दवाखान्यात.”

“डागात?” काकूंचा विश्वास बसेना. नागपुरात डागा म्हटलं की गर्दी, जमिनीवरच्या सतरंज्या आणि बाहेर ताटकळणारे नवरे एवढंच डोळ्यांपुढे येतं.

“हाव, डागात. डिसेंबर 2013 ते जून 2015. बीपीमुळे कळा आणाव्या लागणार अशा 602 बायका. 302 जणींना गोळी, मिसोप्रोस्टॉल, 25 मायक्रोग्रॅम, दर दोन तासांनी, जास्तीत जास्त बारा वेळा. 300 जणींना फुगा. फुगा म्हणजे काय, तर लघवीची फोली नळीच. तिचं टोक पिशवीच्या तोंडातून आत सरकवायचं, पाण्यानं फुगवायचं, मग त्याच्या दाबानं तोंड हळूहळू उघडते. दोन्ही गोष्टी स्वस्त, दोन्हींना फ्रीज लागत नाही. कळा आणायची ती महागाची जेल फ्रीजमध्ये ठेवा लागते, ती गावोगावी कोण पुरवेल? म्हणून या दोन्हींतलं बरं कोणतं, ते पाहायचं होतं. मेडिकलच्या डॉ. शुचिता मुंडले, लिव्हरपूलचे डॉ. अँड्र्यू वीक्स, न्यूयॉर्कची गायन्युइटी संस्था, असे सगळे मिळून. पैसा इंग्लंडचा.”

“अन् बाया आपल्या!” वहिनी ताडकन म्हणाल्या. “गरिबांच्या बायकांवर प्रयोग केले म्हणा ना.”

प्रश्न रास्त होता. सिस्टर चिडल्या नाहीत.

“मलाही कोणी असं सांगितलं असतं तर मी हेच विचारलं असतं. पण पाहा, त्या सगळ्यांना कळा आणाव्या लागणारच होत्या. दोन्ही उपाय आधीपासून वापरात होते. नवीन औषध टोचलं नाही. विचारून, सही किंवा अंगठा घेऊन मगच भरती केलं. कोणाला काय मिळेल हे चिठ्ठी पाडल्यागत ठरे, डॉक्टरच्या मर्जीनं नाही. अन् निकाल काय लागला? गोळीवाल्या शंभरातल्या 57 जणी चोवीस तासांत नॉर्मल बाळंत झाल्या, फुग्यावाल्या 47. पिशवी एकदम जास्त आवळली जाण्याची भीती असते ना, ते दोन्हीकडे अगदी क्वचित झालं. 2017 साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. लॅन्सेट म्हणजे लंडनचं, डॉक्टरांचं मोठं साप्ताहिक.”

“म्हणजे बाकीच्या त्रेचाळीस?” वहिनींचं गणित पक्कं.

“कोणाला जास्त वेळ लागला, कोणाचं सिझर झालं. गोळी घेतली म्हणजे नॉर्मलची हमी नाही. पण कळा आणल्या म्हणजे सिझर होतेच, हे जे लेआउटभर पसरवून राहिले ना, तेही खरं नाही.”

काकूंनी नजर दुसरीकडे वळवली.

“अन् एक ऐका,” सिस्टरांनी आवाज चढवला. “ही गोळी मुळात पोटातल्या अल्सरची. आधी सिझर झालेल्या बाईला ती देत नाहीत, पिशवीचा टाका उकलू शकतो. गोळी साधी दिसते म्हणून मेडिकल स्टोअरमधून आणून घरी खायची नाही. तिच्यामागं कोणीतरी बाळाचे ठोके ऐकत बसायला पाहिजे, तेव्हाच ती साधी.”

बीपी उतरवायच्या औषधांची तुलनाही याच दोन दवाखान्यांत झाली, हे त्यांनी त्याच दमात सांगितलं. 2015 ते 2017, 894 बायका, बीपी खूप वाढलेलं. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा, तिन्ही तोंडानं घ्यायच्या गोळ्या. सहा तासांत, दुसरा काही त्रास न होता बीपी ताब्यात आलं ते निफेडिपिनवाल्या 84 टक्क्यांचं, बाकी दोन्हींत 76-77. म्हणजे जिथं शिरेतून औषध द्यायची सोय नाही, सतत देखरेखीला माणूस नाही, तिथंही तोंडी गोळीवर बाईला सांभाळता येतं. तेही 2019 मध्ये लॅन्सेटलाच आलं.

“आणि आपण काय म्हणतो?” सिस्टर म्हणाल्या. “सरकारी आहे, तिथं कोण जाते! इथल्या बायांनी कळा सोसून जे दाखवून दिलं, ते लंडनच्या साप्ताहिकात छापलं गेलं, अन् मानेवाड्यात कोणाला पत्ता नाही. त्या 602 जणींपैकी एखादी आपल्याच गल्लीत भाजी घेत असेल.”

काकू गप्प झाल्या होत्या. त्यांचं गप्प होणं दुर्मीळ, म्हणून आम्ही तिघी थांबलो.

“माझी मोठी जाऊ,” त्या म्हणाल्या, “पहिलटकरीण होती. आठवा सरला अन् तोंड असं सुजलं का डोळे दिसेनात. डोकं दुखते म्हणे, आम्ही कपाळाले सुंठ लावली. रात्री हातपाय ताठ झाले, फेस आला. सासऱ्यानं भगत बोलावला, बाहेरचं लागलं म्हणून. सकाळी बंडीत घालून शहरात आणेपर्यंत दोघंही गेले. मी आतापर्यंत बाहेरचंच समजत होती.”

“झटके होते ते, काकू. याच बीपीचे.” सिस्टरांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. “त्याच्यासाठी मॅगसल्फ असते. मॅग्नेशियम सल्फेट. शिरेतून जाताना बाईला अंगभर गरम वाटते, कमरेत दिलं तर भल्लं दुखते. पण 2002 साली 33 देशांतल्या दहा हजारांवर बायांवर पाहिलं, झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होते. आम्ही ते देताना हातोडीनं गुडघा ठोकून पाहायचो, लघवी मोजायचो, श्वास मोजायचो. जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियमची सुई उशाशी तयार. स्वस्त औषध आहे. तेव्हा फक्त तिच्यापर्यंत पोहोचलं नाही.”

“मंग पोट्टीचं बरं केलं डॉक्टरनं,” काकूंनी निकाल दिला आणि पदरानं नाक पुसलं. “घाई केली ते बरं केलं. मी डिंकाचे लाडू पाठवते. बीपीवालीले चालते ना?”

“चालतात. पण लाडू दिले म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. बाळंत झाल्यावर तिसऱ्या दिवसापासून सहाव्यापर्यंत बीपी पुन्हा चढते, अन् तेव्हा बाई घरी असते, सगळे बाळाला पाहून राहिले असतात. घरात मशीन ठेवा, सकाळ-संध्याकाळ पट्टा लावा. डोकं ठणकलं तर ‘जागरण झालं’ म्हणून सोडू नका. सहा आठवड्यांनी दाखवायचं, त्यानंतरही दर वर्षी बीपी पाहायचं. अशा बायांना पुढं आयुष्यात बीपी अन् हृदयाचा त्रास जास्त होते. पुढच्या खेपेला तिसरा महिना संपता संपता डॉक्टरांना सांगायचं, ते लहान ॲस्पिरिन सुरू करतील.”

“पुढची खेप!” आतून, खाटेवरून लेकीचा आवाज आला. “सिस्टर, आधी ही झोपू तर द्या.”

हसणं थांबल्यावर पाहिलं तर वहिनी भिंतीपासून दूर जाऊन मोबाइल कानाला लावत होत्या. दिघोरीला.

“अगं, उठली का? तोंड सुजलं म्हणत होतीस ना परवा? …ऊन नाही गं, ऐक. बोटातली अंगठी निघते का पाहा बरं. …निघत नाही? साबण लावून? …डोकं? …कधीपासून?”

सिस्टर भिंतीवरून हात लांब करून उभ्या राहिल्या. “इकडे द्या तो फोन.”

वहिनींनी दिला. “हं, पोरी, मी सिस्टर बोलून राहिली. आशाताई सोमवारी येणार म्हणते? सोमवारपर्यंत थांबायचं नाही. नवऱ्याला उठव, कार्ड घे, आत्ता निघ. …चहा? चहा नंतर. आधी बीपी.”