पाचाच्या आत जगात

पहाटे पाचला उठणारा माणूस ओळखणं सोपं असतं. तो पाचला उठला हे सव्वापाचला सगळ्यांना कळलेलं असतं. सोसायटीच्या ग्रुपवर उगवत्या सूर्याचा फोटो पडतो (सूर्य उगवायला अजून तासभर अवकाश, तेव्हा फोटो कालचा), खाली यशाबद्दलचं एखादं वाक्य, आणि मग दिवसभर लिफ्टमध्ये भेटेल त्याच्याकडे हा गृहस्थ दयेने बघतो.

या पंथाची अलीकडची पोथी म्हणजे रॉबिन शर्मा यांचं 2018 सालचं 'द फाइव्ह एएम क्लब'. पहाटेच्या पहिल्या तासाचे त्यात तीन भाग पाडून दिले आहेत. वीस मिनिटं घाम गाळा, वीस मिनिटं चिंतन करा, वीस मिनिटं काहीतरी शिका.

हा क्लब मुंबईत ससून डॉकवर केव्हापासूनच भरतो. डॉक 1875 सालचा आहे. तिथे माशांनी भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ओल्या फरशीवरून वाट काढणारी कोळीण पहिल्या वीस मिनिटांत जो घाम गाळते, त्याला ट्रेनर लागत नाही. पुढची वीस मिनिटं चिंतन: पापलेट असंच चढत राहिलं तर गिऱ्हाईक बांगड्यावर येईल का, बर्फ किती लागेल, आणि मागची उधारी मागायची कोणत्या तोंडाने. शेवटची वीस मिनिटं शिक्षण: लिलावात कुठवर ताणायचं आणि कुठे गप्प बसायचं. पुस्तक न घेता सूत्र तंतोतंत पाळून झालं. त्या हिशेबाने एव्हाना तिची स्वतःची कंपनी असायला हवी होती. दादरच्या फुलबाजारातल्या बायका, पेपर टाकणारी मुलं, पहाटेची लोकल धरणारे चाकरमाने, सगळे याच क्लबाचे आजीव सभासद. पाचला उठून कोट्यधीश होता आलं असतं, तर श्रीमंतांच्या यादीत अर्धं कसारा दिसलं असतं.

आमच्या इमारतीतल्या एका सभासदांचं मात्र बरं चाललंय. ते पाचला उठून बाल्कनीत डोळे मिटून बसतात. घरातली बाई साडेचारलाच उठलेली असते, कारण नळाला पाणी पावणेपाचला येतं. पिंप भरून होतं, कणीक मळून होते, दोन डब्यांची भाजी फोडणीला पडते. चटणी तेवढी खोळंबते; मिक्सरने ध्यान मोडतं ना! मग हातात आयता चहा आला की हे कृतज्ञतेची वही उघडतात आणि लिहितात: 'आजच्या शांत सकाळीबद्दल आभारी आहे.' कोणाचे, ते वहीत नसतं. वेळापत्रकांच्या या सगळ्या पुस्तकांत मला एकच प्रकरण सापडत नाही, ते म्हणजे चहा कोण करतं.

एकवीस दिवसांत सवय लागते, हेही त्यांनीच मला ऐकवलं. या एकवीसचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडे जातं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान एकवीस दिवस लागतात, असं निरीक्षण त्याने 1960 साली पुस्तकात नोंदवलं. पुढच्यांनी 'निदान' गाळलं, चेहराही गाळला. लंडनच्या संशोधकांनी 2009 साली 96 जणांवर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा सवय मुरायला कोणाला 18 दिवस, तर कोणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. पण 254 दिवसांचं चॅलेंज कोण विकत घेणार?

देकार्त नावाचा फ्रेंच तत्त्वज्ञ उशिरापर्यंत अंथरुणात लोळत विचार करायचा, आणि त्याचं काही वाईट चाललं नव्हतं. स्वीडनच्या राणी क्रिस्तिनाला त्याची शिकवणी हवी होती, तीही पहाटे पाचला, स्टॉकहोमच्या ऐन हिवाळ्यात. जानेवारी 1650 मध्ये शिकवणी सुरू झाली. 11 फेब्रुवारीला तो न्यूमोनियाने गेला, असं मानतात. एकवीस दिवसांचा कोर्स त्याने पुरा केला की नाही, कल्पना नाही.

असो. आमच्या सभासदांनी परवा मला पहाटे उठण्याच्या शिबिराची पत्रिका आणून दिली. रविवारी, सकाळी साडेदहा वाजता. 'इतक्या उशिरा?' म्हटलं, तर म्हणाले, 'मार्गदर्शक रात्री उशिरा पोचतायत हो. त्यांची झोप नको का व्हायला?'