विकणारा कोण?

नोएडातल्या पेटीएमचा शेअर १८ नोव्हेंबर २०२१ रोजी बाजारात आला. लोकांनी तो २,१५० रुपयांना घेतला होता. साडेतीनला बाजार बंद झाला तेव्हा भाव होता १,५६४. पहिल्याच दिवशी २७ टक्के पैसे गेले. त्या दिवशी अ‍ॅप बंद पडलं नव्हतं. भाजीच्या गाडीवरचे क्यूआर कोड चालू होते, रिचार्ज होत होते. कंपनी कालची तीच होती आणि भाव कोसळला होता.

मी हे पुन्हा उकरतोय, कारण लोक आजही अ‍ॅप बघून शेअर घेतात. रोज वापरतो, छान चालतं, म्हणून कंपनी चांगली आणि म्हणून शेअर चांगला. यातलं शेवटचं ‘म्हणून’ खोटं आहे आणि त्यानेच घरोघरची बचत बुडते.

पेटीएमची भागविक्री १८,३०० कोटींची होती, तोवरची देशातली सर्वात मोठी. त्यातले ८,३०० कोटी कंपनीच्या तिजोरीत जाणार होते. उरलेले १०,००० कोटी जुने भागधारक आपले शेअर विकून घेऊन जाणार होते. हे सगळं माहितीपत्रकात छापलेलं होतं. कंपनीला आतून ओळखणारी माणसं एवढ्या मोठ्या प्रमाणात विकत असतील, तर घेणाऱ्याने किमान एकदा थांबून विचारायला हवं होतं: हे विकतायत का?

यमुनेपलीकडे, घरपोच जेवण देणाऱ्या गुरुग्रामच्या झोमॅटोने चारच महिने आधी ९,३७५ कोटी उभे केले होते. त्यात जुन्या गुंतवणूकदाराचा, म्हणजे नोएडाच्याच इन्फो एजचा, वाटा फक्त ३७५ कोटींचा. बाकी सगळा पैसा धंद्यात जाणार होता. ७६ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी सव्वाशेच्या आसपास बंद झाला आणि नोव्हेंबरात १६९ पर्यंत गेला.

तरीही जुलै २०२२ मध्ये तो ४१ रुपयांच्या खाली उतरला. याच काळात कंपनीचा महसूल मात्र वाढत होता. २०२०-२१ मध्ये सुमारे २,००० कोटी, पुढच्या वर्षी सुमारे ४,२०० कोटी. विक्री दुप्पट आणि भाव पाव! इथे दोन गोष्टी एकत्र आल्या आणि दोन्हींचा जेवणाच्या डब्यांशी काही संबंध नव्हता.

पहिली गोष्ट व्याजदर. तोट्यातल्या तंत्रज्ञान कंपनीचा शेअर घेणारा दहा वर्षांनंतरचा नफा आज विकत घेत असतो. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत वर्षाला ६ टक्के दराने धरली तर ५६ रुपये होते. १२ टक्क्यांनी धरली तर ३२. कंपनीत तसूभर बदल झाला नाही तरी किंमत जवळजवळ निम्मी होते. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ पासून दर वाढवायला सुरुवात केली, मे महिन्यात आपल्या रिझर्व्ह बँकेनेही रेपो दर ४ टक्क्यांवरून उचलला. त्या वर्षी अमेरिकेतला नॅस्डॅक निर्देशांकच सुमारे एक तृतीयांशाने पडला. गुरुग्राम त्यातून सुटणार नव्हतं. नोएडाच्या एचसीएल टेकसारखी कंपनी आजच नफा कमावते, लाभांश वाटते. तिलाही झळ लागते, पण एवढी नाही. नफा जितका लांबचा, तितका व्याजदराचा मार जास्त.

दुसरी गोष्ट विक्रीबंदीची, ज्याला बाजार लॉक-इन म्हणतो. भागविक्रीआधीच्या गुंतवणूकदारांना ठरावीक काळ शेअर विकता येत नाहीत. झोमॅटोच्या बाबतीत ही मुदत २३ जुलै २०२२ ला संपली. कंपनीचे तीन चतुर्थांशाहून अधिक शेअर एका दिवसात मोकळे झाले. तो शनिवार होता. सोमवारी बाजार उघडला आणि शेअर ११ टक्क्यांहून जास्त पडला. ऑगस्टच्या सुरुवातीला उबरने झोमॅटोतला आपला सगळा हिस्सा विकून टाकला. पेटीएमची मुदत नोव्हेंबरात संपली आणि सॉफ्टबँकेने साडेचार टक्के हिस्सा ५५५ रुपयांच्या आसपास विकला. या तारखा वर्षभर आधीच ठरलेल्या होत्या. मोठ्या फंडांच्या कॅलेंडरवर त्या होत्या. बदरपूरच्या, ठाण्याच्या किंवा सांगलीच्या छोट्या गुंतवणूकदाराला त्या कुणीही सांगितल्या नाहीत. माझा राग यावर आहे.

धोक्याची सूचना असतेच, ती फक्त रंगीत जाहिरातीत नसते. रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नवे ग्राहक घेऊ नका असं ११ मार्च २०२२ लाच बजावलं होतं. खरी कारवाई आली ३१ जानेवारी २०२४ ला: नव्या ठेवी घेणं बंद. त्या दिवशी शेअर ७६१ रुपयांवर होता. पुढचे दोन दिवस २०-२० टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं. ज्यांना विकायचं होतं त्यांना घेणारा मिळेना. मे महिन्यात भाव ३१० च्या आसपास पोहोचला. पुढे तो सावरला, पार हजारापलीकडे गेला. पण तोवर घाबरून बाहेर पडलेल्यांना त्याचं काय!

चढतानाही तेच. झोमॅटोने एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीत २ कोटींचा पहिला नफा दाखवला. दोन कोटी, एवढ्या मोठ्या कंपनीत नगण्य. पण तोटा कायमचा नाही हे त्यातून दिसलं आणि बाजाराने झटपट किराणा पोहोचवणाऱ्या तिच्या ब्लिंकिटच्या भविष्याची किंमत लावायला सुरुवात केली. डिसेंबर २०२४ मध्ये शेअर तीनशेवर गेला, सेन्सेक्समध्ये जागा मिळाली. जानेवारीत नफा १३८ कोटींवरून ५९ कोटींवर आल्याचं कळलं, कारण ब्लिंकिटची नवी गोदामं ठरल्यापेक्षा आधी उघडली जात होती, आणि शेअर पुन्हा घसरला. तोच खर्च एका वर्षी दूरदृष्टी ठरतो आणि पुढच्या वर्षी उधळपट्टी.

तोट्यातल्या कंपनीच्या भागविक्रीत छोट्या गुंतवणूकदारांसाठी फक्त १० टक्के वाटा राखीव असतो. हा नियम त्यांना वाचवण्यासाठी आहे. पण पहिल्या दिवशी सकाळी दहाला त्या शेअरचे व्यवहार सुरू होतात आणि हीच माणसं खुल्या बाजारात मिळेल त्या भावाला तोच शेअर घेतात; तिथे त्यांना कुठलाही नियम वाचवत नाही. शिवाय प्रवर्तक नसलेल्या जुन्या गुंतवणूकदारांची विक्रीबंदी सेबीने ऑगस्ट २०२१ मध्ये वर्षावरून सहा महिन्यांवर आणली. म्हणजे मोठ्यांची बाहेर पडायची वाट आणखी जवळ आली.

म्हणून माझी सेबीकडे एक साधी मागणी आहे. शेअर विकत घ्यायचं बटण ज्या पडद्यावर असतं, त्याच पडद्यावर, तितक्याच मोठ्या अक्षरांत तीन ओळी छापायची सक्ती करा: भागविक्रीतला किती पैसा कंपनीला गेला, किती जुन्या मालकांना गेला, आणि उरलेल्यांची विक्रीबंदी कोणत्या तारखेला उठते. हे तिन्ही आकडे माहितीपत्रकात आजही असतात. ते शेकडो पानांतून उचलून बटणाशेजारी आणायचे, एवढंच काम आहे.